डिस्चार्ज कार्डावर 'स्किम ४४' लिहिलंय, म्हणजे भाऊ नक्की किती सुधारला?

आंबेवाला_राजापूर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतोय.

धाकटा भाऊ, वय २७. गेल्या हंगामात आंबे उतरवताना फांदी मोडली आणि तो कलमावरून थेट चिऱ्याच्या गडग्यावर आला. मणक्याचं ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसले, मग मुंबईत अडीच-तीन महिने रिहॅब. आता घरी आणलाय. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. कार्डावर लिहिलंय: "डी-१० पॅराप्लेजिया, एआयएस ए. स्किम-३: दाखल होताना १७, डिस्चार्जला ४४." (डी-१० म्हणजे पाठीचा दहावा मणका आणि पॅराप्लेजिया म्हणजे कमरेखाली लकवा, एवढंच मला कळलं.)

डॉक्टर म्हणाले, छान प्रगती आहे. बाबांनी चष्मा लावून कार्ड वाचलं आणि जाहीर केलं की पस्तीसला पास असतं, पोरगा पास झाला. आईचं म्हणणं, पाय आहेत तसेच आहेत, मग हे सत्तावीस मार्क वाढले कुठे? मला दोघांनाही धड सांगता येत नाही. त्यात आणखी एक कोडं. हॉस्पिटलात तो जे स्वतः करायचा, त्यातलं निम्मं घरी आल्यावर करत नाही. मग आता त्याचे मार्क कमी झाले म्हणायचे का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बंड्या_नाना
तुमच्या बाबांना साष्टांग दंडवत. आमच्या पिढीला हॉस्पिटलच्या कागदावरही आधी मार्कच दिसतात.
बाकी विषयात गती नाही. वाचतोय.

हात_चालवा
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हे कागद रोज भरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्डावर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की आईंसारखा प्रश्न पडतो. 'एआयएस ए' हे मज्जारज्जूच्या इजेचं मोजमाप, 'ए' ते 'ई' अक्षरांत. डॉक्टरांनी टाचणी आणि कापूस लावून संवेदना पाहिली असेल, हातापायांचे ठरावीक दहा-दहा स्नायू ० ते ५ मध्ये तपासले असतील, गुदद्वाराजवळची संवेदना आणि आकुंचन पाहिलं असेल. तिथे काहीच नसेल तर 'ए', म्हणजे पूर्ण इजा. हे अक्षर दोन-दोन वर्षं तसूभर हलत नाही असं खूपदा होतं.

स्किम (स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेजर) मात्र माणूस रोजच्या जगण्यात काय काय करतो ते मोजतं. इस्रायलच्या रानाना गावातल्या लोवेनस्टाइन पुनर्वसन रुग्णालयात अमिराम कात्झ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ते खास मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी बनवलं. सध्या वापरतात ती तिसरी आवृत्ती, म्हणून 'स्किम-३'. एकूण गुण १००. जेवण, अंघोळ, कपडे, दाढी-वेणी याला मिळून २०. श्वास, लघवी, शौच आणि संडासचा वापर याला ४०. पलंगावर कूस बदलण्यापासून जिन्यापर्यंतच्या हालचालीला ४०.

तेव्हा पाय आहेत तसेच राहूनही सत्तावीस गुण वाढू शकतात. तो पलंगावर स्वतः वळायला लागला, सदरा घालायला लागला, खुर्ची चालवायला लागला, त्याचे ते गुण. आणि सत्तावीस म्हणजे थोडेथोडके नाहीत. इटलीतल्या एका अभ्यासात ४ गुणांची वाढ लहान पण खरी आणि १० गुणांची ठळक मानली आहे.

एक गंमत. सुरुवातीच्या १७ पैकी १० गुण निव्वळ श्वासाचे असणार. डी-१० ला श्वास शाबूत असतो, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून खिशात असतात. म्हणजे खरा प्रवास ७ पासून ३४ पर्यंतचा. कार्डासोबत स्किमचा आतला तक्ता दिला असेल तर इथे टाका. बेरजेवरून मला काही सांगता येणार नाही, तक्त्यावरून येईल.

शंकासूर
हे सगळं ठीक आहे हो, पण मला हे आकडे म्हणजे हॉस्पिटलची सोय वाटते. सतराचे चव्वेचाळीस केले, बिल वसूल. माणूस उभा राहिला का? चालला का? नाही ना. मग कसली प्रगती?

आमच्या ओळखीत एकाला अशाच दुखण्यात स्टेम सेल देणार आहेत. चार इंजेक्शनांत पाय हलतील म्हणतात. भावाचं वय लहान आहे, त्या दिशेने पाहा.

निशिगंधा७
@शंकासूर, राग मानू नका, पण तुमच्या प्रतिसादाचा दुसरा भाग वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही असे सल्लागार रांग लावून आले होते.

माझे यजमान सी-६ क्वाड आहेत, इजा मानेच्या सहाव्या मणक्याशी, चारही हातपायांवर परिणाम. म्हणजे खांदे, कोपराचं वाकणं आणि मनगट उचलणं शाबूत, बोटं नाहीत. त्यांच्या वेळी दुसरं माप वापरलं होतं, 'फिम' (फंक्शनल इंडिपेंडन्स मेजर). त्यात प्रत्येक कामाला १ ते ७. सुरुवातीला जेवणाला १ होता. मग थेरपीवाल्या ताईंनी तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात चमचा खोचायला दिला. मनगट वर केलं की बोटं आपोआप किंचित मिटतात, ती पकड वापरायला शिकवली. आम्हाला सक्त ताकीद होती की बोटं ताणून सरळ करायची नाहीत, नाहीतर ती पकड जाते. भाकरी मीच कुस्करून द्यायची, आमटीत भिजवून, कारण तुकडा मोडणं जमत नाही. पण तोंडापर्यंत घास त्यांचा ते नेतात. १ चे ५ झाले. बाहेरच्याला पाय हलताना दिसले नाहीत, मला मात्र जेवणाची वेळ परत मिळाली. आम्ही समोरासमोर बसून जेवतो आता.

घरी आल्यावर मार्क कमी होतात का, यावर अनुभवाचे बोल: होतात. सासूबाईंना लेकाची धडपड बघवत नाही. चमचा दोनदा सांडला की त्या भरवायला पुढे सरसावतात. प्रेमापोटीच करतात, पण मी महिनाभर घरी नव्हते तेव्हा पट्टा फडताळात गेला होता.

आंबेवाला_राजापूर
निशिगंधाताई, आमच्या घरात डोकावून लिहिलंत की काय? आई त्याला पँट घालते, पाय उचलून पलंगावर ठेवते. तो काही बोलत नाही, नुसता छताकडे बघत राहतो.

तक्ता फायलीत सापडला, संध्याकाळी टाकतो.

सातासमुद्रापार
अमेरिकेत फिजिओ म्हणून काम करते, तर फिमबद्दल थोडी भर.

फिममध्ये १८ गोष्टी: १३ शारीरिक, ५ समज-संवादाच्या. एकूण १८ ते १२६. ऐंशीच्या दशकात इथे तयार झालं. मूळ कल्पना अशी की या माणसाला दिवसभरात दुसऱ्याची मदत किती लागते ते कळावं. ७ म्हणजे कशाचीही गरज नाही. ६ म्हणजे एकटा करतो, पण साधन लागतं किंवा वेळ जास्त लागतो. ५ म्हणजे हात लावावा लागत नाही, पण कोणी जवळ उभं राहावं लागतं किंवा सामान मांडून द्यावं लागतं. निशिगंधाताई भाकरी कुस्करून देतात, तो हा ५. चारपासून खाली प्रत्यक्ष हात लावायचा: निम्म्याहून जास्त काम रुग्ण करतो की निम्म्याहून कमी, असं उतरत जातं.

मज्जारज्जूच्या रुग्णाला ते तोकडं पडतं. समज-संवादाच्या पाच गोष्टींत धडधाकट मेंदूच्या माणसाला पहिल्याच दिवशी पैकीच्या पैकी मिळतात, तिथे पुढे मोजायला काही उरत नाही. श्वासाचा तर त्यात रकानाच नाही. व्हेंटिलेटरवरून सुटलेल्या क्वाडची केवढी मोठी मजल फिमला दिसतच नाही. स्किम बनलं ते याच असमाधानातून.

इथल्या मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्यविम्याच्या) फॉर्मातून फिम ऑक्टोबर २०१९ पासून गेलं. त्याजागी ६ पायऱ्यांची दुसरी मोजणी आली. तिच्यात काठी किंवा पट्टा वापरून एकट्याने केलंत तरी पूर्ण ६ मिळतात. फिममध्ये साधनाला एक गुण कापायचे. मला ही नवी पद्धत जास्त न्याय्य वाटते. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण 'वाचनात परावलंबी' म्हणतो का?

शंकासूर
बरं, एक सांगा. घरी एवढं शिकवूनही आई भरवणारच असेल तर गुण कशाचे द्यायचे? त्याला येतं याचे, की तो करतो याचे?

(स्टेम सेलबद्दल मी फक्त ऐकलेलं सांगितलं. दिवे घ्या.)

हात_चालवा
@शंकासूर, तुम्ही चेष्टेत विचारलंत, पण आमच्या विभागात यावर हमरीतुमरी होते.

नियम असा की तो रोज जे करतो ते लिहायचं. जिममध्ये, ट्रेनर समोर असताना, सकाळच्या ताज्या अंगाने एकदा केलेली ट्रान्सफर (खुर्चीतून पलंगावर जाणं) मोजायची नाही. वॉर्डात रात्री नऊ वाजता थकलेला असताना तो पलंगावर कसा जातो, ते मोजायचं. म्हणूनच मी नर्स आणि वॉर्डबॉयला विचारल्याशिवाय तक्ता भरत नाही. कधी कधी रुग्ण सांगतो "मी करतो ताई", आणि मागून वॉर्डबॉय मामा हळूच नकारार्थी मान हलवतात.

त्यामुळे हो, आई भरवत असेल तर गुण कमीच पडणार. पण ते कमी झालेले गुण त्याच्या मणक्याचे नाहीत, हे घरच्यांना सांगणं माझं काम. येतं आणि करतो यांत जेवढी दरी, तेवढं घरात काहीतरी अडतंय. कधी आईची माया, कधी न्हाणीघराचं दार.

स्टेम सेलचं एकदाच बोलते. आपल्याकडच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी पैसे मागितले, की काय ते समजून जायचं.

चाकांवरचा_फौजी
आज धागा दिसला. मी स्वतः डी-१२, खुर्चीवर बरीच वर्षं झाली. हात_चालवा मॅडमनी सगळं बरोबर लिहिलंय, पण त्यांच्या लाडक्या स्किमवर माझा एक जुना राग आहे, तो काढतोच.

तक्ता नीट बघा. घरात फिरणं, १० ते १०० मीटर आणि १०० मीटरच्या पुढे, या तिन्हींना ८-८ गुण. हाताने चालवायच्या खुर्चीवर तुम्ही वाऱ्यासारखे गेलात तरी प्रत्येकात २. त्यापुढचे सगळे गुण चालणाऱ्याला. जिन्याचे ३ वेगळे. म्हणजे १८ आणि ३, एकवीस गुण खुर्चीवाल्याला जन्मात मिळायचे नाहीत. बाकी सगळ्यात पैकीच्या पैकी पडले तरी ७९. मी गाडी चालवतो, नोकरी केली, पोरीचं लग्न लावलं. या मापात मी कायमचा एकोणऐंशीच्या आत.

आणि वॉकर धरून, कॅलिपर घालून, घामाघूम होत चार पावलं टाकणारा माझा मित्र घरातल्या हालचालीत ४ गुणांवर. तोच मित्र भाजी आणायला खुर्चीवरूनच जातो! आपल्या पोरांच्या डोक्यात "उभा राहिलास तरच माणूस" हे बसवायला घरचे पुरेसे आहेत, तक्त्याने कशाला हातभार लावायचा?

अवांतर: आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्णपदक, वेळ ३७.३३ सेकंद. २०१८ मध्ये पद्मश्री. त्यांना जिन्याचे किती गुण द्यायचे ते सांगा मॅडम.

बंड्या_नाना
फौजीकाका, कडक सॅल्यूट. जिन्याला शून्य आणि तलावाला शंभर!

हात_चालवा
@चाकांवरचा_फौजी, काका, तुमचा मुद्दा मला पुरता अमान्य नाही. ७९ चा हिशोबही अचूक. पण माझी बाजू ऐका.

शंभर हे प्रत्येकाचं गाठायचं ठिकाण नाहीच मुळी. शंभर म्हणजे इजा न झालेल्या माणसाचे गुण. डी-१० च्या पूर्ण इजेत, सगळं उत्तम जमलं तर माणूस सत्तरच्या आसपास पोचतो, आणि मी त्याला पैकीच्या पैकी समजते. तुलना त्याच पातळीच्या इजेशी करायची. सी-५ च्या माणसाचे ३० आणि डी-१० चे ३० यांत जमीन-अस्मानाचा फरक. सी-५ वाल्याने डोंगर चढलेला असतो, डी-१० वाल्याला अजून खूप शिकायचं असतं.

चालण्याला वजन जास्त का, तर अपूर्ण इजेचे रुग्णही याच मापात मोजायचे असतात. एआयएस 'सी' आणि 'डी' अक्षराचे (इजेखालीही थोडीफार ताकद उरलेले) कित्येक जण चालतात आणि त्यांच्यातला फरक कुठेतरी दिसायला हवा. निव्वळ चालणं मोजायला ० ते २० चं वेगळं 'विस्की' नावाचं माप आहे. (नावावरून विनोद करू नका, सगळे करून झालेत.)

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या पक्षात. नोकरी, लग्न, भाजी आणणं, पंगतीला बसणं, यातलं काही स्किममध्ये नाही. ते त्याचं काम नाही म्हणून सोडून देता येईल, पण कार्डावर मग तेवढाच एक आकडा राहतो आणि लोक त्यालाच माणूस समजतात.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
विस्कीचं माप २० पर्यंत? आम्ही ९० एमएललाच गारद होतो.
(ताई, माफी. राहवलं नाही.)

कोर्टाची_पायरी
वकिलाच्या नजरेने एक मुद्दा, कारण इथे आकड्यांची गल्लत झाली तर पैशांचं नुकसान होतं.

अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी वेगळी, स्किम-फिमचे गुण वेगळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुतेक सवलती-आरक्षणासाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. ती टक्केवारी सरकारने ठरवलेल्या पद्धतीने वैद्यकीय मंडळ देतं. तिथे "आमचे ४४ आहेत" म्हणून कार्ड पुढे करू नका, मी खरोखर असे अशील पाहिलेत. ४४ गुण म्हणजे ५६ टक्के अपंगत्व असलं गणित कुठेही नाही.

नुकसानभरपाईत तिसराच हिशोब. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची क्षमता किती बुडाली, या दोन गोष्टी एक नाहीत. त्यातलं उदाहरण चपखल आहे: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व समजा ६० टक्के. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. अशा वेळी थेरपिस्टने लिहिलेला तपशीलवार तक्ता उपयोगी पडतो. माणूस काय करू शकतो आणि काय नाही, हे त्यात ओळीने दिसतं. म्हणून फाईल जपून ठेवा.

धागाकर्ते, कलम कोणाचं होतं? दुसऱ्याच्या बागेत मजुरीवर असेल तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदी बघायला हव्यात. स्वतःची बाग असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी करा. उंचावरून पडून झालेला अपघात त्यात धरलाय. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा, अर्जाला मुदत असते, उद्यावर टाकू नका.

आंबेवाला_राजापूर
वकीलसाहेब, बाग घरचीच. सातबारा बाबांच्या नावे. उद्याच तालुक्याला जातो, आभार.

तक्ता असा आहे:
पहिला भाग १४. जेवण ३, वरच्या अंगाची अंघोळ २, खालच्या १, वरचे कपडे ४, खालचे १, दाढी वगैरे ३.
दुसरा भाग १९. श्वास १० (ताईंनी बरोबर ओळखलं), लघवी ३, शौच ५, संडास वापर १.
तिसरा भाग ११. पलंगावर ४, पलंग ते खुर्ची १, खुर्ची ते संडास १, घरात २, मधलं अंतर २, लांबचं १, जिना ०, गाडी ०, जमिनीवरून खुर्चीत ०.

लघवीसाठी दर चार-पाच तासांनी नळी घालून काढतो, सीआयसी म्हणतात ते. ती मीच घालतो, मी बागेत असलो तर आई. शौचाला दिवसाआड सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची गोळी), तीही आम्हीच. न्हाणीघराचं दार चोवीस इंची आहे आणि खुर्ची त्याहून रुंद, त्यामुळे उंबऱ्याबाहेर थांबून आम्ही दोघे उचलून आत नेतो.

निशिगंधा७
वाचतानाच अंगावर आलं. सत्तावीस वर्षांच्या मुलाला आईने नळी घालायची. तो छताकडे का बघतो हे कळलं मला.

हात_चालवा
आता बोलता येईल. तक्ता बघून पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती लघवीचे ३.

डी-१० आहे, दोन्ही हात पूर्ण चांगले, बसल्यावर तोल बऱ्यापैकी असणार. त्याने स्वतःची नळी स्वतः घालायला काहीच आडकाठी नाही. दुसऱ्याने घातली तर ३. त्याने स्वतः घातली आणि मधल्या वेळेत गळती होत असेल म्हणून कंडोम कॅथेटर (बाहेरून चढवायची लघवीची नळी) स्वतःच लावला, तर ९. मधल्या वेळेत कोरडा राहिला तर ११. एका कौशल्यात आठ गुण, आणि दिवसातून चार-पाचदा घरच्यांवर अवलंबून राहणं सुटतं. आपल्याकडे घरच्यांना शिकवून मोकळे होतात, रुग्णाला शिकवायचं राहून जातं. जवळच्या युरोलॉजिस्ट किंवा रिहॅब नर्सकडून त्याला समोर बसवून शिकवून घ्या. हात धुणं, पाण्याचं प्रमाण, वेळा लिहून ठेवणं, सगळं त्याच्याच ताब्यात द्या. लघवी गढूळ, वास, ताप असं काही आलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे.

शौचाचंही तसंच. सपोझिटरी कमोड खुर्चीवर कुशीला झुकून स्वतः घालता येते, शिकायला वेळ लागतो. ५ चे ८. धुणं-पुसणं, कपडे सावरणं हेही त्याचं तो करायला लागला तर संडास वापराचे १ चे ४. बेरीज करा: आठ, तीन आणि तीन. पायाचं बोटही न हलता ४४ चे ५८.

पण दाराचं काही केलं नाही तर यातलं काही होणार नाही. चौकट काढा. खुर्ची आरामात जायला ३६ इंच दार उत्तम, जुन्या घरात ३२ वरही भागतं. उंबरा फोडून उतार करा, एक इंच चढाला निदान बारा इंच लांबी धरून. तीस-चाळीस हजारांच्या परदेशी साधनांआधी गवंडी बोलवा.

आणि पलंगावर ४ आहेत, ६ नाहीत. दर अर्ध्या तासाने दोन्ही हातांवर अंग उचलून बूड हलकं करायचं, हे खुर्चीत बसल्यावर तो आठवणीने करतो का? रोज आरशात पाठ-माकडहाडाची कातडी बघतो का? एक बेडसोअर झाला तर महिनोन्महिने पालथं झोपून जातात आणि कमावलेले सगळे गुण जातात.

चाकांवरचा_फौजी
मॅडम, याच्यावर सही. ७९ चा राग बाजूला ठेवतो.

आंबेवाले, भावाला माझ्यातर्फे सांगा: आम्हाला जुन्या खुर्चीवाल्यांनी शिकवलं. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये एकमेकांचं बघूनच अर्धी कामं येतात. डॉक्टरने सांगितलं तर वाटतं, याला काय कळतंय. समोरचा खुर्चीवाला जमिनीवरून उचलून खुर्चीत बसला की वाटतं, मग मला का नाही? स्किममध्ये त्याला एकच गुण आहे. पण गावात खुर्ची उलटली आणि आसपास कोणी नसलं, तर तोच एक गुण कामाचा.

व्यनि (खासगी निरोप) करा, व्हिडिओ कॉलवर बोलतो त्याच्याशी. तुम्ही खोलीत थांबू नका.

निशिगंधा७
+१ फौजीकाका.

अवांतर, पण मानेच्या इजेचं कोणी वाचत असेल तर: डी-६ किंवा त्याहून वरच्या इजेत नळी तुंबली, शौच अडकलं किंवा कपडा रुतला तरी रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल, वरच्या अंगाला दरदरून घाम. आडवं करायचं नाही, बसतं करायचं, घट्ट कपडे सोडायचे, नळी तपासायची आणि उतरलं नाही तर सरळ हॉस्पिटल. आमच्याकडे एकदा सगळे "ॲसिडिटी असेल" म्हणत बसले होते. हे कुठल्याच गुणतक्त्यात नसतं, पण घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

शंकासूर
धागा वाचून मत थोडं बदललं, पूर्ण नाही. आकडा कार्डावर लिहिता, तर त्याच्याखाली चार ओळी मराठीतही लिहा ना! "नळी स्वतः घालायला शिकवा, दार रुंद करा" एवढं डिस्चार्जलाच सांगितलं असतं तर या माणसाला इथे विचारावं लागलं असतं का?

हात_चालवा
नसतं लागलं. एका थेरपिस्टमागे रुग्ण किती असतात ते सांगितलं तर कारण सांगितल्यासारखं होईल, म्हणून नाही सांगत.

आंबेवाला_राजापूर
दोन आठवड्यांनी लिहितोय. चौकट काढली, दार चौतीस इंची झालं, उंबरा गेला. गवंडी गावचाच, त्याने उतार आधी इतका उभा केला होता की खुर्ची सुसाट आत गेली असती, परत तोडून लांब केला. रत्नागिरीत नर्सबाईंनी भावाला नळी शिकवली. पहिले दोन-तीन दिवस वैतागला, आता मला खोलीबाहेर काढून दार लावून घेतो. रात्रीची मात्र अजून मीच घालतो, झोपेत त्याला उठवत नाही. फौजीकाकांशी तासभर बोलला, काय बोलले ते सांगत नाही.

आई अजून पँट घालायला धावते. तिच्याशी कसं बोलावं ते सुचवा. आणि गुण परत कधी मोजायचे?

हात_चालवा
फॉलोअपला जाल तेव्हा, साधारण तीन महिन्यांनी. घरी दर आठवड्याला मोजत बसू नका, बाबा प्रगतिपुस्तक करतील.

रात्री उठवा त्याला. नाहीतर तक्त्यात मदत लागते असंच लिहावं लागेल, आणि तुमचीही झोप त्यालाच बांधलेली राहील.

आईंना "करू नका" म्हणू नका, दुसरं काम द्या. पँट पलंगावर त्याच्या हाताशी काढून ठेवायची आणि चहा टाकायला जायचं. चहा उकळेपर्यंत परत यायचं नाही. इलॅस्टिकची, एक माप मोठी पँट घ्या, आणि आडवं होऊन एकेका कुशीवर वळत वर ओढायला त्याला सांगा. पहिल्यांदा दोन चहा होतील.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
फार उपयोगी धागा. माझ्या आईला मागच्या वर्षी स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली. तिलाही हे स्किम लावता येईल का?

सातासमुद्रापार
नाही, स्किम मज्जारज्जूपुरतंच. स्ट्रोकला बार्थेल इंडेक्स विचारा, १९६५ पासून चालत आलेलं आहे, तेही ० ते १००, दहाच गोष्टी, पाच मिनिटांत भरून होतं. पण स्ट्रोकचे प्रश्न वेगळे आहेत, बोलणं-समजणंही बघावं लागतं. नवा धागा काढा, आईंचं वय आणि आता त्या काय काय स्वतः करतात ते लिहा. तिथे बोलू.